जाताना डावी पानं, येताना उजवी

भूपालअण्णांनी पुस्तक उघडलं, सगळी पानं चाळली, पुन्हा मागून पुढे चाळली आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवलं.

"बाई, ह्यात अक्षर कुठाय?"

"नाही अक्षर."

"एक बी न्हाई?"

"वर नाव आहे, 'बकुळा'. बाकी सगळी चित्रं."

"आनि हे पिवळं डाग कसलं?"

"ते तुमच्या हळदीचे. पोरं सकाळी घरी हळद निवडायला बसतात आणि तेच हात घेऊन शाळेत येतात. ज्या पानावर जास्त पिवळे अंगठे, ते पान पोरांना जास्त आवडलं असं मी समजते."

शेजारच्या खुर्चीत बसलेले आमचे मुख्याध्यापक इंगवले सर यांनी हसू दाबण्यासाठी खोकल्याचा आधार घेतला. अण्णा मात्र हसले नाहीत. भूपालअण्णा चौगुले म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. सांगलीजवळच्या त्या गावात हळद पिकवणारे पुष्कळ होते, पण अण्णा बोलले की बाकीचे गप्प बसत. याच शाळेत ते सातवीपर्यंत शिकले होते आणि शाळा आपल्याच घरची असल्यासारखे वागत. कौल फुटला तर स्वतः माणूस घेऊन येत, आणि मास्तर उशिरा आला तर फाटकात उभे राहत.

"बिनअक्षराचं पुस्तक," अण्णा म्हणाले, "आनि त्याला वाचनाचा तास म्हनायचं."

"म्हणायचं नाही, आहेच."

मी तेव्हा चाळिशीत होते. सोलापूरकडच्या दोन शाळा गाजवून इथे आले होते आणि माझ्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नव्हतं. पण त्या दिवशीचा वाद साधा नव्हता. गावाच्या फाट्यावर जूनपासून इंग्रजी शाळेची गाडी येऊन उभी राहू लागली होती. आपलीही पोरं मागे पडू नयेत म्हणून पालकांची मागणी होती की शेवटच्या तासाला पोरांची स्कॉलरशिपची तयारी करून घ्यावी, आणि ती ग्रंथालयाच्या खोलीत, प्रोजेक्टर लावून. ती खोली पूर्वी पोषण आहाराच्या तांदळाची होती. मी तिथली पोती हलवली, भिंत पांढरी करून घेतली, सतरंज्या टाकल्या, पोरांच्या हाताला येतील अशा फळ्यांवर पुस्तकं मांडली. पुण्याला नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या मागे लागून प्रोजेक्टर मिळवला. रोज शेवटचा तास तिथे भरायचा आणि पहिलीतली पोरं घंटेच्या आधीच दाराशी घुटमळायची. ती खोली हातातून गेली असती तर मी बदली मागून निघून गेले असते, इतकं ते मला लागलं असतं.

"अण्णा, शनिवारी या," मी म्हटलं. "समितीला घेऊन या. एक तास बसा आणि डोळ्यांनी बघा."

"आनि न्हाई पटलं तर?"

"तर सोमवारी बैठक आहेच. द्या खोली स्कॉलरशिपला. मी एक शब्द बोलणार नाही."

"तुमी? एक शब्द न्हाई?" अण्णा उठता उठता म्हणाले. त्यांचे गुडघे दुखत. टेबलाला धरूनच उठावं लागे. "ते बघायलाच येतो."

त्यांनी हातात धरलेलं तेच पुस्तक मी शनिवारसाठी पक्कं केलं. चिडून केलं म्हणा. अक्षर नाही म्हणता ना, मग हेच बघा.

गोष्ट अगदी सोपी होती. एका म्हातारीची बकुळा नावाची शेळी दाव्यातून मान सोडवून भटकायला निघते आणि म्हातारी तिला शोधत मागोमाग जाते. पुस्तक उघडलं की डाव्या पानावर शेळी आणि उजव्या पानावर त्याच जागी थोड्या वेळानं पोचलेली म्हातारी, हातात मोकळं दावं. आधी घराचं दार, मग विहीर, मग शाळा, मग एसटीचा थांबा, मग बाजार आणि बाजाराच्या टोकाची चिंच. शेवटच्या उजव्या पानावर चिंचेखाली दोघी भेटतात आणि म्हातारी शेळीच्या गळ्यात पडते. बस एवढंच.

पुस्तकाची प्रत एकच, तीही हातभर लांबून दिसणार नाही एवढी लहान. म्हणून पानांचे फोटो काढून ते भिंतीवर मोठे करायचे असं ठरलं. इतर वेळी फोटो मीच काढायची, पण या वेळी इंगवले सरांनी पुस्तक माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं.

"शेटेबाई, हे काम माझ्याकडे. तुम्ही पोरांचं बघा. मी आज घरी बसून पद्धतशीर करतो."

सरांना तंत्रज्ञानाची आवड होती आणि नवीन फोनचा अभिमान होता. शिवाय खोली वाचावी असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. अण्णांसमोर बोलायला त्यांची जीभ रेटत नसे, म्हणून निदान हातानं काहीतरी करावं असं त्यांच्या मनात असावं. मी पुस्तक देऊन टाकलं.

पोरांची तयारी जोरात होती. गोष्टीला आवाज हवेत म्हणून आम्ही ते माझ्या फोनवर रेकॉर्ड केले. आफरीन मुलाणी तिसरीत होती. तिनं घरच्या शेळीच्या गळ्यातली घंटी वाजवून घेतली आणि शनिवारी फोन आपणच सांभाळणार असं सगळ्यांना बजावून ठेवलं. प्रज्योत खोतनं एसटीचा कंडक्टर केला. पोरगं इतकं हुबेहूब ओरडलं की मला तिकीट काढावंसं वाटलं. अंधारासाठी खिडक्यांना हळदीची रिकामी पोती लावली.

सन्मतीनं आवाजबिवाज काही केला नाही. ती अण्णांची नात, दुसरीतली. हात वर न करणारी पोर. एकेका चित्रावर सगळा तास काढायची आणि तास संपला की पुस्तक जागेवर ठेवून न बोलता निघून जायची. 'बकुळा' तिनं दोनदा कोपऱ्यात नेऊन पाहिलं होतं. बाकीच्यांनी अजून पाहिलं नव्हतं, पुस्तक नवीनच आलं होतं; त्यातले पिवळे अंगठे तिचेच.

शनिवारी सकाळच्या शाळेत अण्णा आले. बरोबर प्रज्योतचे वडील सुभाष खोत आणि समितीतले आणखी दोघं. स्कॉलरशिपचा आग्रह मुळात खोतांचा. ते आल्या आल्या प्रोजेक्टरकडे असं बघू लागले, जणू सोमवारी तो उचलून न्यायचाच आहे. सतरंजीवर बसणं अण्णांना शक्य नव्हतं. त्यांना मागे खुर्ची दिली.

सरांनी लॅपटॉप जोडला आणि मला म्हणाले, "एकदम क्लिअर आलेत फोटो."

भिंतीवर पहिलं चित्र आलं. घराचं दार, खुंटी, दाव्यातून मान काढणारी शेळी. आफरीननं घंटी वाजवली. पोरं खुशीत आली.

"काय करतेय ती?" मी विचारलं.

"पळाया लागलीया."

"का पळत असेल?"

"कटाळा आला आसंल."

"तिला बाजार बघायचा आसंल," प्रज्योत म्हणाला. "आमाला कुठं कोन नेतंय बाजारला, म्हनून ती एकटीच निघाली."

मागे खोतांनी घसा साफ केला. मी पुढचं चित्र लावलं. त्यात म्हातारी यायला हवी होती. पण भिंतीवर विहीर आली आणि विहिरीच्या काठावर शेळी.

"बाई, आज्जी ऱ्हायली," सन्मती हळूच म्हणाली.

मी पुढचं चित्र लावलं. शाळा, खिडकीतून आत डोकावणारी शेळी. त्यानंतर एसटीचा थांबा, शेळी. म्हातारीचा पत्ता नाही. मी सरांकडे सरकले.

"सर, फोटो कसे काढलेत?"

"पद्धतशीर," सर कुजबुजले. "जाताना डावी पानं काढली, येताना उजवी. शेवटच्या पानापासून मागं येत. मोकळं कशाला परत यायचं?"

मला हसावं की रडावं कळेना. सर शेतकऱ्याच्या घरातले. रान नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची ओळ, टाकत बांधापर्यंत जायचं आणि परत येताना दुसरा टाकत यायचं, बैल रिकामे फिरवायचे नाहीत, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी पुस्तकही तसंच नांगरलं होतं. म्हणजे आता भिंतीवर आधी शेळी एकटीच बाजारापर्यंत जाणार, तिथे दोघी भेटणार आणि मग म्हातारी एकटीच उलटी घराकडे येणार.

सरांच्याही लक्षात आलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "बंद करू? पाच मिनिटांत लावून देतो."

मी मागे पाहिलं. खोत घड्याळाकडे बघत होते. पुढे पाहिलं, तर प्रज्योत गुडघ्यांवर उभा राहून भिंतीवरच्या एसटीत किती माणसं आहेत ते बघत होता, आणि आफरीन फोन कानाशी धरून पुढच्या घंटीची वाट बघत होती. पोरं गोष्टीत शिरली होती. तिथून त्यांना बाहेर काढण्याचं पाप मी कधी केलं नाही, तेव्हाही करणार नव्हते.

"राहू द्या," मी म्हटलं.

बाजार आला. चिंचेखाली शेळी. मग भेटीचं चित्र आलं. म्हातारी शेळीच्या गळ्यात पडलेली, डोळे मिटलेले.

"घावली," पोरं एकदम म्हणाली. आफरीननं घंटी दोनदा वाजवली.

"झाली गोष्ट?" खोतांनी विचारलं.

"नाही, अजून आहे," मी म्हटलं आणि पुढचं चित्र लावलं. बाजारात म्हातारी. एकटी.

 मी काही बोलले नाही. शिक्षकाला सगळ्यात जड जातं ते गप्प बसणं, आणि ते मी पुष्कळ वर्षं घासून घासून शिकले होते.

"आता शेळी कुठं गेली?" प्रज्योत म्हणाला.

"तूच सांग. चित्रात काय दिसतंय?"

"आज्जी हाय. माणसं हायती. शेळी न्हाई."

"आणखी?"

"हातात दावं हाय," कुणीतरी म्हणालं.

"मोकळं हाय."

"तोंड उतरलंय तिचं."

आफरीननं माझ्याकडे पाहिलं. "बाई, घंटी वाजवू?"

"तुला काय वाटतं?"

तिनं जरा विचार केला. "शेळीच न्हाई तर घंटी कशी वाजंल," ती म्हणाली, आणि फोन सतरंजीवर पालथा घातला.

एसटीचा थांबा आला. गाडी उभी होती आणि म्हातारी थांब्यावर एकटी उभी, रस्त्याकडे बघत. गोष्टीत ती शेळीला शोधत होती, म्हणून तिथे थांबली होती. पण भिंतीवर तसं काही उरलं नव्हतं. "गाडीत बसली न्हाई," प्रज्योत म्हणाला, "चालतच जानार." आपला कंडक्टर लावायला त्यानं आफरीनला सांगितलंच नाही. मग शाळा आली आणि फाटकाला हात टेकलेली म्हातारी. मग विहीर, तिथे ती पाण्यात बघत होती.  आणि शेवटी घराचं दार आलं. मोकळी खुंटी, दारात म्हातारी, हातात दावं. पुस्तकात हे म्हातारीचं पहिलंच चित्र. शेळी पळाल्याचं तिला तिथे कळतं आणि पोरं हसतात. भिंतीवर ते शेवटचं होतं आणि कुणी हसलं नाही.

"काय झालं असेल?" मी विचारलं.

"मेली आसंल," आफरीन म्हणाली.

"चोरानं न्हेली," प्रज्योत म्हणाला.

सन्मती उभी राहिली. दोन वर्षांत ती आपण होऊन उभी राहिल्याचं मी पहिल्यांदा पाहत होते.

"इकली," ती म्हणाली.

"कशावरून म्हणतेस?"

"चोरानं न्हेली आसती तर दाव्यासकट न्हेली आसती. मेली आसती तर आज्जी तिथंच बसून रडली आसती. जनावर इकलं की दावं देत न्हाईत. माघारी घरला आनत्यात."

मी शहरगावची. मला हे ठाऊक नव्हतं. पण पोरांना ठाऊक होतं. सगळ्यांच्या माना हलल्या. आफरीन म्हणाली, "व्हय की, दावं देत न्हाईत."

"आणि बाजारात तिनं मिठी मारली ती?"

"ती घावली म्हनून न्हाई मारली," सन्मती म्हणाली. "सोडताना धरलं तिला."

 त्यानंतर मी ते पुस्तक कितीतरी शाळांत दाखवलं, अजूनही दाखवते, पण त्या मिठीचा तो अर्थ मला त्या दिवशी दुसरीतल्या पोरीनं सांगितला.

"बाई, असली रडकी गोष्ट कशाला दाखवायची पोरांना?" खोत म्हणाले. "अण्णा, तुम्हीच बघा आता."

 अण्णांनी विचारलं, "बाई, पुस्तकात हे असंच हाय?"

उत्तर मी द्यायच्या आत सन्मतीनं दिलं. "न्हाई आज्जा. पुस्तकात घावती. भिंतीवर इकली."

सरांनी मान खाली घातली. अण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते नातीकडे बघत होते.

"मग तुला पुस्तकातली ठावं हुती, तरी इकली कशाला म्हनालीस?"

"जशी चित्रं आली तशी सांगितली." ती थांबली. मग खाली सतरंजीकडे बघत म्हणाली, "तुमी बी तसंच आला हुता की. चंद्रीचं दावं घिऊन."

चंद्री कोण ते मला माहीत नव्हतं. पण खोतांनी एकदम खिडकीवरच्या पोत्याकडे तोंड फिरवलं आणि समितीतले बाकीचे दोघं आपल्या चपलांकडे बघू लागले. त्यावरून एवढं समजलं की गावाला माहीत होतं आणि या पोरीला सांगितलं नव्हतं.

"चंद्री आत्याकडं हाय," अण्णा म्हणाले. "सांगितलं न्हाई व्हय तुला? चरायला न्हेऊन सोडलीया म्हस."

"आत्याकडं सोडली आसती तर दावं तिच्यासंगं गेलं आसतं." सन्मतीचा आवाज चढलेला नव्हता. वर्गात पाढा म्हणावा तशी ती सांगत होती. "दावं माडीवर हाय. हळदीच्या पोत्यांमागं."

 भिंतीवर म्हातारी अजून दारात उभी होती. मला वाटलं आता अण्णा उठतील, नातीचा हात धरतील आणि चालू लागतील. तसं झालं असतं तर खोलीही गेली असती आणि पोरगी पुन्हा कधी बोलली नसती.  पण मधे पडायची ती वेळ नव्हती. सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

अण्णा उठले. खुर्चीची पाठ धरून, मग कपाटाला हात लावत ते पोरांच्या मधून पुढे आले. पोरांनी पाय आवरून वाट दिली. सन्मतीपाशी येऊन ते खाली बसले. बसले कसले, निम्म्या वाटेत गुडघ्यानं दगा दिला तसे टेकले. प्रज्योतनं त्यांचा दंड धरला.

"कवाधरनं ठावं हाय तुला?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीधरनं."

"मग बोलली न्हाईस ती?"

"तुमी सांगाल म्हनून."

अण्णांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.  त्या खोलीत पहिलीची पोरंही होती, चुळबूळ करणारी, सारखं पाण्याला जाऊ का विचारणारी. त्या दिवशी एकानंही विचारलं नाही.

"इकली, बाळा," अण्णा म्हणाले. "धार काढाय बसलं की मला उठवंना. तुझ्या बापाला येळ न्हाई, आईला धार काढाय जमत न्हाई. कसायाला न्हाई दिली. कर्नाळच्या पलीकडं एक घर हाय, चांगली मानसं हायती. तिथं दिली. तुझ्या तोंडाकडं बघून सांगाय तोंड उघडंना माझं. म्हनून आत्याचं नाव घेतलं."

सन्मतीनं मान हलवली.

"रागावलीस?"

  तिनं उलट विचारलं, "तिथं तिला कुनी खाजवतंय का, शिंगामागं?"

  अण्णांनी टोपीनंच डोळे पुसले आणि मग नेहमीच्या आवाजात, म्हणजे शाळेच्या फाटकात उभं राहून मास्तरांना विचारायच्या आवाजात म्हणाले, "ते पुस्तक कुठाय?"

सरांनी आपल्या पिशवीतून काढून दिलं. अण्णांनी ते नातीच्या मांडीवर ठेवलं.

"आता घावती ती वाच."

मी प्रोजेक्टर बंद केला आणि एका खिडकीवरचं पोतं काढलं. सन्मतीनं पहिलं पान उघडलं. डाव्या चित्रावर बोट ठेवलं, मग उजव्या. "ही पळाली. आज्जीला ठावंच न्हाई." पान उलटलं. "ही हिरीवर आली. आज्जी मागनं आली. पान्यात बघती, पडली का काय म्हनून." एकही अक्षर नसलेलं पुस्तक ती वाचत होती आणि अण्णा तिच्या बोटामागे बोट फिरवत होते, ज्या माणसानं दोनच दिवसांपूर्वी तेच पुस्तक माझ्यापुढे टेबलावर ढकललं होतं तो. कधीतरी मधेच आफरीननं फोन उचलला आणि जिथे शेळी असेल तिथे घंटी वाजवू लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या पानावर सन्मती थांबली. चिंचेखालच्या मिठीवर तिनं बोट ठेवलं, पण काही म्हणाली नाही. अण्णाच म्हणाले, "घावली."

शाळा सुटली. पोरं पळाली. अण्णांना उठवायला मी आणि सर दोघं लागलो. दारात खोत वाट बघत उभे होते. आपला मुद्दा असा अर्ध्यावर सोडतील असे ते नव्हते.

"अण्णा, मग स्कॉलरशिपचं काय करायचं? पोरं मागं पडतील."

"स्कॉलरशिप घ्या की. सकाळी शाळा भरायच्या आदी घ्या. सर घेतील." अण्णांनी इंगवले सरांकडे असं पाहिलं की सरांनी लगेच होकार दिला. "ह्या खोलीत न्हाई."

"पण का ते तरी सांगा. सोमवारी बैठकीत विचारतील लोक."

"मला विचारायला सांग त्यास्नी," अण्णा म्हणाले. "चार म्हैनं मी माज्या घरात तोंड उघडलं न्हाई. हितं उघडलं. आनि काय सांगायचं?"

खोतांना ते पटलं की नाही ठाऊक नाही. पण पुढच्या वर्षी त्यांच्या प्रज्योतला स्कॉलरशिप मिळाली आणि नंतरच्या प्रत्येक बैठकीत ते माझ्या बाजूनं बोलले.

सोमवारची बैठक चहापुरतीच झाली. ग्रंथालयाचा विषय कुणी काढला नाही. मी एक शब्द बोलणार नाही असं सांगितलं होतं, आणि बोलायची वेळच आली नाही. याबद्दल अण्णांनी मला नंतर बरीच वर्षं ऐकवलं.

त्या दिवशी शेवटचा तास नेहमीसारखा भरला. पोरं पुस्तकांवर तुटून पडली. सन्मती मात्र फळीकडे गेली नाही. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या फ्रॉकला गवताची कुसळं चिकटलेली होती.

"बाई, काल आज्जा मला कर्नाळच्या पलीकडं घेऊन गेलता."

"हो? मग?"

"लांबनंच हाक मारली मी. कान टवकारलं तिनं. वळखलं मला."

एवढं सांगून ती कोपऱ्यात गेली आणि एक नवीनच पुस्तक घेऊन बसली.